रक्त न काढता हृदयाचा धोका सांगणारा रंगीत तक्ता: उपकेंद्रातला अनुभव

हे परीक्षण फुकट मिळणाऱ्या वस्तूचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हृदयविकाराच्या धोक्याचा तक्ता, आणि त्यातलाही रक्ततपासणी न लागणारा. एक कागद, त्यावर रंगीत चौकटी, प्रत्येक चौकटीत एक आकडा. रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन धरून शंभराच्या आत काम होतं. माझ्या टेबलावर बीपी मशीनखालोखाल सगळ्यात जास्त हाताळली जाणारी वस्तू हीच, आणि तिच्याबद्दल मराठीत धड बरं-वाईट लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप.

मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस. हाताखाली म्हणायचं तर कुणी नाही; सोबत एक सिस्टर, एक आरोग्य सेवक आणि आशाताई. डोंगरातल्या वाड्या, पावसाळ्यात चार महिने चिखल, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. साखर तपासायला ग्लुकोमीटर आहे, हिमोग्लोबिन होतं, लघवीची पट्टी आहे. कोलेस्टेरॉल आमच्याकडे होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त मोफत तपासून मिळतं, पण तिथं जायचं म्हणजे उपाशीपोटी सकाळची एसटी धरायची, दिवसाचा रोज बुडवायचा आणि रिपोर्टासाठी परत एक हेलपाटा. खासगी लॅबमध्ये गेलं तर पैसे वर. ज्याला काही दुखत नाही, खुपत नाही, त्याला मी हे सगळं करायला सांगणार, आणि तो करणार? भातलावणीच्या दिवसांत तर विचारूही नये.

म्हणजे मला रोज पडणारा प्रश्न "याचं कोलेस्टेरॉल किती" हा नसतोच. समोरच्या एवढ्या माणसांपैकी कुणाच्या मागे लागून त्याला खाली प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, कुणाला गोळी आजच सुरू व्हायला हवी, आणि कुणाला "वर्षानं या" म्हणून निश्चिंत सोडायचं, हा असतो. हा तक्ता त्या कामाचा आहे. त्याच्याकडून निदानाची अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल.

तक्ता पाच गोष्टी विचारतो. वय, पुरुष की स्त्री, धूम्रपान आहे का, वरचं बीपी किती, आणि उंची-वजनावरून निघणारा बीएमआय. बस. वयाचे पाच-पाच वर्षांचे गट, ४० पासून ७४ पर्यंत. बीपीच्या पाच ओळी: १२० च्या खाली, १२०-१३९, १४०-१५९, १६०-१७९, आणि १८० व त्यावर. बोट फिरवत योग्य चौकटीवर आलात की तिथला आकडा म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा, जीवघेणा असो वा नसो, येण्याची शक्यता, शंभरात किती. पाचच्या खाली हिरवा, पाच ते दहा पिवळा, दहा ते वीस नारिंगी, वीस ते तीस लाल, तीसच्या वर गडद लाल. सराव झाला की एका माणसामागे मिनिटभर पुरतं, बीपीचा वेळ सोडून.

कागद साधा दिसतो म्हणून तो कुणीतरी दुपारी बसून आखलाय असं समजू नका. हे तक्ते २०१९ मध्ये आले, लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये. ८५ अभ्यासांतल्या ३,७६,१७७ माणसांच्या माहितीवरून गणित बसवलं आणि मग जगाचे २१ विभाग करून प्रत्येक विभागातल्या आजाराच्या प्रमाणानुसार ते जुळवून घेतलं. त्याची गरज का पडते ते त्यांच्याच एका उदाहरणावरून कळतं: साठीचा पुरुष, सिगारेट ओढणारा, मधुमेह नाही, बीपी १४०, कोलेस्टेरॉल सारखंच, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज भागात त्याचा धोका ११ टक्के निघतो आणि मध्य आशियात ३०. माणूस तोच, मुलूख बदलला. आपण भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, भूतान या गटात, म्हणजे दक्षिण आशियाच्या पानावर. मूळ अभ्यासांतली बहुतेक माणसं मात्र युरोप-अमेरिकेची, आपल्याकडची नव्हेत. जुळवून घेतलेला कपडा अंगाला बसतो, पण मापं घेऊन शिवलेल्यासारखा नाही.

काही ठिकाणी भिंतीवर अजून २००७ चा जुना तक्ता दिसतो. तो काढून टाका. त्यात वय चाळीस, पन्नास, साठ, सत्तर एवढ्याच पायऱ्यांत आहे, चौकटींत आकडे नाहीत, नुसते रंग, आणि हिरवा रंग दहा टक्क्यांपर्यंत पसरलेला. ज्याला त्याला हिरवा म्हणून घरी पाठवायचा तो कागद.

आता रक्ताशिवाय काढलेला अंदाज खरा कितपत, ही शंका डॉक्टर मंडळी हमखास काढतात. माझ्या ओळखीचे एक एमडी म्हणाले होते, "लिपिड प्रोफाइलशिवाय हृदयाचं काय सांगणार, कपाळ बघून?" त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या गाझियानो यांच्या गटानं २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये सहा हजारांवर लोकांच्या २१ वर्षांच्या पाठपुराव्यावरून दाखवलं की कोलेस्टेरॉलऐवजी बीएमआय धरलं तरी कुणाला आजार होणार आणि कुणाला नाही हे वेगळं काढण्याची ताकद जवळजवळ तेवढीच राहते. मग २०१५ मध्ये त्याच गटानं बांगलादेश, ग्वाटेमाला, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिकेत गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना असाच बिनरक्ताचा तक्ता शिकवला. त्यांनी काढलेला धोका आणि प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी काढलेला धोका ९६.८ टक्के जुळला. म्हणजे आमच्या आशाताईंना हे जमणार नाही, हा सूर सोडून द्यायला हरकत नाही. आमच्याकडच्या एक आशाताई, आठवी शिकलेल्या, चौकट माझ्या आधी शोधतात.

कारण उघड आहे. या आजारात सगळ्यात मोठा वाटा वयाचा, बीपीचा आणि तंबाखूचा. या तिन्हींसाठी सुई लागत नाही.

पण बीपी. तक्त्याचा सगळा भार या एका आकड्यावर आहे, आणि हाच आकडा सगळ्यात वाईट मोजला जातो. ओळी वीस-वीसच्या आहेत, तेव्हा दहा-बारा आकड्यांची गडबड झाली की माणूस एक ओळ वर किंवा खाली सरकतो आणि रंग बदलतो. आमच्याकडे माणूस चढ चढून येतो, दारातच तंबाखूची पिचकारी टाकतो, खुर्चीत बसतो न बसतो तोच हात पुढे करतो. "घ्या मॅडम, बघा." त्या क्षणी मोजलं तर निम्मं गाव लाल. म्हणून पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लागलेले, हात टेबलावर छातीच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नको, लघवी तुंबलेली नको. आणि बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्याकडे उपकेंद्रात येऊन गप्प बसणं हा उद्धटपणा समजला जातो.

नऊवारीतल्या आज्यांची गोष्ट वेगळीच. चोळीची बाही कोपरापर्यंत आणि अशी घट्ट की कफ तिच्यावरून बांधावा तर माप चुकतं, बाही वर सरकवावी तर दंडाला आवळा बसतो आणि माप तरीही चुकतं. बरोबर उत्तर एकच, आतल्या खोलीत नेऊन हात बाहीतून काढायचा. त्याला वेळ लागतो, पडदा लागतो, आणि आजींची मर्जी लागते. शिबिरात मंडपाखाली रांग लावून बीपी मोजतात तेव्हा यातलं काहीच होत नाही, आणि त्या आकड्यांवर मग तक्ता लावतात. असा तक्ता लावण्यापेक्षा न लावलेला बरा. कफच्या मापाचंही तेच. जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी खोटं वाढतं. मी मशीनबरोबर मोठा कफ मागून घेतला, तुम्हीही मागा. दोनदा मोजा, मध्ये मिनिटभर सोडून. नाडी अनियमित असली की डिजिटल मशीन गोंधळतं किंवा "एरर" दाखवतं. तिथं मशीन बिघडलं म्हणून पेशंटला परत न पाठवता मनगट धरून नाडी बघा. त्या अनियमित नाडीलाच ईसीजी लागतो.

आता माझी खरी तक्रार.

तक्ता विचारतो: धूम्रपान करता का? आणि आमच्याकडे बाई काय म्हणणार? "नाही." पुरुषही निम्म्याहून जास्त "नाही"च म्हणतात, आणि खरंच म्हणतात. आमच्या मुलखात तंबाखू ओढत नाहीत, खातात. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तक्त्याचा एक अख्खा अर्धा भाग "धूम्रपान करणारे" म्हणून राखून ठेवलाय, आणि महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चौघांसाठी तो आहे. उरलेली तंबाखू, म्हणजे चुन्याबरोबर मळलेली, मावा, विदर्भात खर्रा, २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा, आणि बायकांची मशेरी, यातलं काहीच तक्त्याला दिसत नाही.

मशेरीचं विशेष सांगते, कारण शहरातल्या वाचकांना अंदाज नसतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि दात घासायच्या निमित्तानं हिरड्यांना लावायची. निमित्त सकाळचं, पण लावणं दिवसातून चार-चार वेळा. "तंबाखू खाता का मावशी?" विचारलं तर उत्तर "नाय ओ, मी कशाला खाऊ." आणि कनवटीला डबी. त्यामुळे मी प्रश्नच बदललाय: "मशेरी कितींदा लावता?" यावर उत्तर येतं. अठ्ठेचाळीस वर्षांची एक बाई, बीपी १२८, वजन थोडं जास्त, मशेरी रात्री उठूनसुद्धा. तक्ता म्हणतो हिरवा. मी तिला हिरवा रंग दाखवून घरी पाठवू? मी पाठवत नाही. पण तिला "धूम्रपान करणारी" धरून उजवीकडच्या रकान्यात टाकणंही गणिताला धरून नाही, कारण तो रकाना धुरावरून बांधलाय. बिनधुराच्या तंबाखूनं हृदयविकार आणि लकवा यांचा धोका वाढतो हे माहीत आहे, किती वाढतो ते या चौकटींत बसवलेलं नाही. मी करते ते असं: आकडा तक्त्यात येतो तोच लिहिते, शेजारी लाल शाईनं "मशेरी" लिहिते, आणि बोलावणं एक पायरी वरच्या रंगासारखं करते. हा माझा ठोकताळा आहे. कुठल्या मार्गदर्शिकेत शोधू नका.

चुलीच्या धुराचंही तेच. गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल. चाळीस वर्षं त्या धुरात बसलेल्या बाईला तक्ता "धूम्रपान नाही" म्हणतो.

दुसरी उणीव साखरेची. बिनरक्ताच्या तक्त्यात मधुमेहाला जागाच नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्या माणसाचा धोका तो कमी सांगतो. हे तक्ता करणाऱ्यांनीही मान्य केलंय. मधुमेह असेल तर रक्ततपासणीवाला दुसरा तक्ता वापरा असं त्यांचंच सांगणं. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी बोटाला टोचून साखर, मग तक्ता. साखर जास्त निघाली की हा कागद बाजूला, आणि माणूस खाली डॉक्टरांकडे. मग कुणी म्हणेल की टोचलंच तर "रक्ताशिवाय" कसलं? बरोबर आहे. पण एक थेंब आणि एक पट्टी हे उपकेंद्रात जमतं, उपाशीपोटी नळीभर रक्त जमत नाही. अर्थात पट्ट्या असल्या तर. त्या संपल्या की दोन-दोन आठवडे नुसतं तक्त्यावर भागवावं लागतं आणि त्या दिवसांतल्या हिरव्या रंगावर माझा विश्वास कमी असतो.

तिसरी गोष्ट वजनाची. बीएमआयचे रकाने २० च्या खाली, २०-२४, २५-२९ असे जातात. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात, आणि आपली माणसं बारीक दिसूनही पोटात चरबी बाळगून असतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ मधला फोटो वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे: ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी-शेजारी उभे, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. तक्त्याच्या लेखी हे दोघे एकाच रकान्यात. म्हणून कमरेला टेप लावा, तक्ता विचारत नसला तरी. काटक हातापायांचा, पण पोट पुढे आलेला शेतकरी आमच्याकडे चिक्कार. आणि वाकलेल्या म्हाताऱ्यांची उंची भिंतीला लावून मोजली की बीएमआय उगाच फुगतो, तेही ध्यानात असू द्या. तक्त्यात बीएमआयनं फार फरक पडत नाही, एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं तर आकडा एखाद्यानं हलतो, त्यामुळे यावर डोकं फोडून घेऊ नका. बीपीवर फोडा.

वयाचा जोर मात्र जबरदस्त. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला हिरवा रंग मिळतच नाही, मग त्यानं जन्मभर सुपारीचं खांडही चघळलेलं नसो. उलट बेचाळीस वर्षांचा, बिडी ओढणारा, बीपी १७० असलेला माणूस नुसता पिवळ्याच्या आसपास घोटाळतो. त्याला वाटतं, पिवळं म्हणजे ठीक आहे. ठीक नाही. १६० च्या वर बीपी असेल तर रंग न बघता उपचार, हे तक्त्याबरोबरच्या सूचनांतच आहे. चाळीसच्या खालच्यांना तर तक्त्यात दारच नाही, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी सुरू होते तिशीपासून. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या देशांत ५८.८ व्या, असं ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून पुढे आलं होतं. आपल्याकडे आजार लवकर येतो आणि तक्ता उशिरा सुरू होतो. तिशीतल्या ट्रॅक्टरवाल्या पोराला मी तक्ता दाखवत नाही, बीपी आणि कंबर दाखवते.

इथे आशाताईंचा सीबॅक फॉर्म कामाला येतो. घरोघर जाऊन भरायचा तो कागद सगळ्यांनी "अजून एक फॉर्म" म्हणून नाकारलेला आहे, मी पण कंटाळते. पण नीट बघितलं तर तक्त्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं: खायची तंबाखू, कंबर (बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर, पुरुषांची ९० च्या वर गेली की गुण), दारू, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार. गुण चारच्या वर गेले की माणसाला तपासणीला आणायचं. त्यात बीपी नाही आणि दहा वर्षांचा आकडा निघत नाही. म्हणजे दोन्ही कागद अर्धे-अर्धे. मी सीबॅकवरून माणूस निवडते आणि तक्त्यावर त्याचा आकडा काढते. तक्ता हिरवा आणि सीबॅक सहा-सात असेल तर सीबॅकचं ऐकते. मोबाइलवरची अ‍ॅप्सही आहेत, हाच हिशेब करणारी, पण आमच्या खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही आणि फोनच्या पडद्यावर पेशंटला काही दिसत नाही. कागद दोघांच्या मध्ये ठेवता येतो.

आणि कागद मध्ये ठेवणं हीच या तक्त्याची खरी जमेची बाजू, हे मला वापरता-वापरता कळलं. सत्तावन्न वर्षांचे एक तात्या, बिडीवाले, बीपी १५२, अंगानं काटकुळे. बोट नारिंगी चौकटीवर ठेवलं. म्हटलं, "तात्या, तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली तर पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या दहा ते वीस जणांना अटॅक नाहीतर लकवा." तात्या विचार करून म्हणाले, "म्हंजे ऐंशी जण तरी ठणठणीत ऱ्हातील की!" गणित चोख. आता यांना काय सांगणार? मी बोट तसंच ठेवून पलीकडच्या बिडी न ओढणाऱ्यांच्या बाजूला त्याच ओळीत नेलं. आकडा झपकन उतरला, रंग निवळला. मग तिथून एक ओळ खाली, बीपी १२०-१३९ मध्ये. आणखी उतरला. तात्यांनी स्वतःचं बोट ठेवून परत सगळा प्रवास केला, वर-खाली, अलीकडे-पलीकडे. "आणि जाड झालो तर?" तिकडेही नेलं. "आणि वय?" म्हटलं, ते आपल्या हातात नाही. "ते म्हाईत हाय," म्हणाले.

"बिडी सोडा" हे वाक्य त्यांनी आयुष्यात शंभरदा ऐकलं असेल. बोटानं फिरून बघितलं ते पहिल्यांदाच. सोडली का? कमी केली, असं ते म्हणतात आणि त्यांची बायको मान हलवते. बीपीची गोळी मात्र नेमानं घेतात. इथं एक तांत्रिक बाब: बिडी सोडून वर्ष होईपर्यंत माणसाला ओढणाऱ्यांच्याच रकान्यात धरायचं असतं. तेव्हा पुढच्या भेटीत लगेच पलीकडच्या रकान्यात उडी मारू देऊ नका. आणि गोळीवर असलेल्याचं बीपी १२४ आलं म्हणून तक्त्यानं दिलेला कमी आकडाही तसाच गिळू नका. गोळीनं झाकलेलं बीपी आणि मुळातच कमी बीपी यांत तक्ता फरक करत नाही.

ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झाली आहे, लकवा होऊन गेलाय, त्यांच्यासाठी हा कागद नाहीच. ते मुळातच वरच्या धोक्यातले. आणि छातीत कळ, दरदरून घाम, हाताला-जबड्याला ओढ अशी तक्रार घेऊन आलेल्यासमोर तक्ता उघडणारा कुणी भेटला तर त्याच्या हातातून कागद काढून घ्या आणि १०८ ला फोन लावा.

रंग निघाल्यावर पुढे काय, तिथे तक्ता संपतो आणि व्यवस्था सुरू होते. सातारा या बाबतीत थोडा नशीबवान. २०१७ च्या नोव्हेंबरात देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्याच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे होते त्यात सातारा होता. ठरलेल्या गोळ्या, ठरलेली चढती मात्रा, पेशंटच्या हातात कार्ड, महिन्याच्या गोळ्या जवळच. त्यामुळे बीपीच्या बाबतीत नारिंगी-लाल माणसाला मी रिकाम्या हातानं पाठवत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं तसं नाही. वीस टक्क्यांच्या वरच्यांना ती द्यावी असं सूचना सांगतात, पण ती लिहून द्यायला डॉक्टर लागतात, आणि डॉक्टर रिपोर्टाशिवाय लिहायला नाखूश असतात. मी रंग लावून चिठ्ठी पाठवते, चिठ्ठी परत येते: "लिपिड प्रोफाइल करून पाठवा." ज्या तपासणीला वळसा घालण्यासाठी सगळा खटाटोप, तिथंच येऊन थांबतो. यात दोष तक्त्याचा नाही, पण हा तक्ता मागवणाऱ्यानं हे गृहीत धरून ठेवावं. आपल्या वरच्या डॉक्टरांना आधी भेटून "लाल रंग पाठवला तर तुम्ही काय कराल?" हे विचारून घ्या. माझ्याकडे नवीन आलेल्या मेडिकल ऑफिसरांशी मी हे बोलून घेतलं तेव्हापासून चिठ्ठ्या परत येणं कमी झालंय.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. मशेरी-तंबाखूचा एक गुण कापला, साखरेचा अर्धा. तंबाखूचा रकाना दक्षिण आशियासाठी वेगळा बांधला गेला तर मी तो एक परत देईन.

शहरात राहणाऱ्यांनी, ज्यांच्या घरापासून लॅब चालत पाच मिनिटांवर आहे, त्यांनी हा वापरू नये; रक्त तपासून दुसरा तक्ता लावावा. उपकेंद्र, फिरतं पथक, आश्रमशाळेतलं पालकांचं शिबिर, साखर कारखान्यावरच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, अशा ठिकाणी जरूर. प्रिंट काढताना पुस्तिकेतल्या २१ विभागांतून दक्षिण आशियाचंच पान निवडा, आणि त्यातही "नॉन-लॅबोरेटरी" लिहिलेलं. दोन्ही तक्ते दिसायला सारखे आहेत, ओळखायची खूण अशी की एकात खाली कोलेस्टेरॉलचे रकाने आहेत आणि दुसऱ्यात बीएमआयचे. कृष्णधवल झेरॉक्सवरही चालतं कारण चौकटीत आकडे आहेत, पण पेशंटला रंगच कळतो, तेव्हा रंगीत काढा. माझी प्रत इंग्रजीत आहे. मी मार्करनं "बिडी आहे", "बिडी नाही", "बाई", "पुरुष" लिहून मग लॅमिनेशन केलं. खिडकीजवळ टांगू नका, उन्हानं लाल आणि नारिंगी एकसारखे होतात. आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर लॅमिनेशनच्या आधीच एक ओळ लिहून टाका: मशेरी विचारली का? साखर बघितली का?